कांद्याचं मूळ थांबलं, की थांबवलं गेलं?

प्रश्न रत्नागिरीच्या एका तृतीय वर्ष वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. प्रकल्पासाठी तिने कांद्याची मुळं २४ तास हायड्रॉक्सीयुरिया या पेशीविभाजन रोखणाऱ्या औषधाच्या २.५ मिलिमोलर द्रावणात ठेवली. विभाजन-निर्देशांक, म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनात आहेत तो आकडा, पाण्यातल्या मुळांच्या साधारण एक तृतीयांशावर आला. अहवालात तिने लिहिलं, "डीएनएला इजा झाल्यामुळे चेकपॉइंट सुरू झाला." त्यावर मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "चेकपॉइंटच कशावरून? औषध विषारी आहे, पेशी नुसत्या आजारी पडल्या असतील. आणि पुस्तकात सगळीकडे पी-५३ हे पेशीला थांबवणारं प्रथिन आहे, ते कांद्यात असतं का?" शिवाय खात्यातल्या अतिनील दिव्यावर हाच प्रयोग होईल का, असंही तिने विचारलंय.

बाईंची शंका रास्त आहे. नुसता निर्देशांक घसरला म्हणून चेकपॉइंट सिद्ध होत नाही. मिरकरवाड्याला जेटीवर होड्या उभ्या दिसल्या तर त्याची कारणं दोन असू शकतात. एक तर इंजिनं बिघडली असतील, नाहीतर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो बावटा उतरवल्यावर. समुद्र तसाच खवळलेला असताना होड्या बाहेर पडल्या, तर इंजिनं धड होती आणि त्यांना बावट्यानेच रोखलं होतं. इंजिनच गेलं असेल तर बावटा उतरवूनही होडी जागची हलणार नाही. चेकपॉइंट म्हणजे हा बावटा. पेशीला विभाजन करता येत असतं, पण इजा दुरुस्त होईपर्यंत तिला थांबवून धरलेलं असतं. म्हणून पुरावाही दोन प्रकारचा लागतो. रोखणारी यंत्रणा काढली तर पेशी तुटक्या डीएनएसकट विभाजनात शिरते का, आणि इजा करणारी गोष्ट काढली तर पेशी आपण होऊन पुन्हा कामाला लागते का.

ही विचारपद्धत लेलँड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांची. १९८८ साली त्यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. साध्या पेशी विभाजनाच्या आधी थांबल्या, दुरुस्ती झाली, मग पुढे गेल्या. रॅड-९ हे जनुक बिघडलेल्या पेशी थांबल्याच नाहीत, तशाच विभागल्या आणि मेल्या. इथवर कुणीही म्हणेल की रॅड-९ दुरुस्तीचं जनुक असावं. म्हणून त्यांनी त्याच बिघडलेल्या पेशींना दुसऱ्या एका औषधाने, म्हणजे विभाजनाचा तर्कू (गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारी धाग्यांची रचना) बनू न देणाऱ्या रसायनाने, जबरदस्तीने काही वेळ थांबवून ठेवलं. त्यातल्या बऱ्याच वाचल्या. दुरुस्तीची हत्यारं त्यांच्याकडे होतीच, नव्हता तो फक्त थांबण्याचा हुकूम. मला हा प्रयोग पेशीशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, दोघांनी 'चेकपॉइंट' ही कल्पना नीट मांडली. २००१ च्या नोबेलमध्ये पेशीचक्रावरच्या कामासाठी हार्टवेल यांच्यासोबत टिम हंट आणि पॉल नर्स होते.

तुमच्या प्रकल्पाचं या विषयाशी नातं याहूनही जुनं आहे, आणि ते मुळाग्राचंच आहे. पेशीचक्राच्या टप्प्यांची जी-१ (डीएनएची प्रत काढण्याआधीचा), एस (प्रत काढण्याचा), जी-२ (प्रत झाल्यावर, विभाजनाआधीचा) ही नावं आली ती १९५३ साली अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांच्या कामातून. त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरला तो बाकल्याच्या मुळांवर. बाकला म्हणजे आपला कडवा वाल नव्हे. त्या कामातही क्ष-किरण दिलेल्या पेशींचा अभ्यास होता.

आता पी-५३ बद्दल. कांद्यात पी-५३ नाही. कोणत्याच वनस्पतीत ते सापडलेलं नाही. पण इजा ओळखणारी पहिली फळी आपल्यात आणि कांद्यात सारखीच आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तिथे एमआरएन हा तीन प्रथिनांचा गट बसतो आणि एटीएम या किनेजला, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमला, जागं करतो. डीएनएची प्रत काढणं अडखळलं की एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर आरपीए प्रथिनाचा थर चढतो आणि तो एटीआर या दुसऱ्या किनेजला बोलावतो. हायड्रॉक्सीयुरिया डीएनए थेट तोडत नाही. तो रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम बंद पाडतो, डीएनएचा कच्चा माल संपतो आणि प्रत काढणं मध्येच अडतं. म्हणजे तुमच्या मुळांत मुख्य काम एटीआरचं आहे. अहवालात "डीएनएला इजा" ऐवजी "डीएनएची प्रत काढण्यात अडथळा" असं लिहा. इजा होते, पण नंतर, अडकलेली जागा बराच वेळ तशीच राहिली की.

पहिल्या फळीच्या पुढे वाटा वेगळ्या होतात. माणसाच्या पेशीत एटीआर सीएचके-१ या किनेजला आणि एटीएम सीएचके-२ या किनेजला पुढचा निरोप देतं. जी-१ मध्ये थांबण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. काही मिनिटांत सीडीसी-२५ए हे प्रथिन नष्ट केलं जातं, त्यामुळे पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या सीडीके-२ या किनेजला चालना मिळत नाही. हा झाला तातडीचा ब्रेक. त्याच वेळी एरवी पी-५३ ला नष्ट करवणाऱ्या एमडीएम-२ च्या तावडीतून ते सुटतं, साठतं, पी-२१ बनवायला लावतं आणि पी-२१ सीडीके-२ ला घट्ट धरून ठेवतं. यात नवं प्रथिन बनवावं लागतं म्हणून पूर्ण जोर यायला काही तास जातात. एवढ्यात काही पेशी एस टप्प्यात निसटतात, आणि म्हणूनच जी-२ मधला नाका महत्त्वाचा. तिथे विभाजन सुरू करणाऱ्या सीडीके-१ वर वी-१ हे किनेज फॉस्फेटचं कुलूप लावतं आणि सीडीसी-२५ ते काढतं. इजा असेल तर सीएचके-१ किल्लीवाल्या सीडीसी-२५ लाच अडवून ठेवतं. कुलूप तसंच राहतं.

वनस्पतींत एटीएम आहे, एटीआर आहे, वी-१ आहे. सीएचके-१ आणि सीएचके-२ मात्र नाहीत, आणि हे काम करणारं सीडीसी-२५ सुद्धा सापडलेलं नाही. पी-५३ ची जागा सॉग-१ नावाच्या प्रथिनाने घेतली आहे. ते २००९ मध्ये मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या रोपात ओळखलं गेलं. रचनेत त्याचं पी-५३ शी काही नातं नाही, कामात मात्र आहे. एटीएम आणि एटीआर दोघांचे निरोप त्याच्याकडे येतात आणि ते शेकडो जनुकं चालू-बंद करतं, त्यात सीडीकेला रोखणारी प्रथिनंही आली. तुमच्या प्रयोगासाठी जास्त कामाची गोष्ट २००७ ची आहे. वी-१ बिघडलेली ॲराबिडॉप्सिसची रोपं साध्या माध्यमात व्यवस्थित वाढतात, पण हायड्रॉक्सीयुरियात त्यांची मुळं खुंटतात. म्हणजे प्रत अडली की वनस्पतीला थांबण्यासाठी वी-१ लागतं. बाईंना उत्तर देताना हे नाव घ्या.

मग कांद्यात बावटा उतरवायचा कसा? जनुक काढणं खात्यात शक्य नाही. पण कॅफिन ५ मिलिमोलरच्या आसपास एटीएम आणि एटीआरला मंद करतं, आणि बाकला-कांद्याच्या मुळाग्रांवर ते कित्येक वर्षं याच कामासाठी वापरलं गेलंय. एक लिटर पाण्यात ०.९७ ग्रॅम शुद्ध कॅफिन घ्या. चहा-कॉफीचा काढा चालणार नाही, त्यात टॅनिन आणि इतर शंभर गोष्टी असतात. २.५ मिलिमोलर हायड्रॉक्सीयुरियासाठी लिटरला ०.१९ ग्रॅम लागेल.

गट पाच करा. पहिला गट ३२ तास साध्या पाण्यात. दुसरा ३२ तास हायड्रॉक्सीयुरियात. तिसरा २४ तास पाण्यात आणि नंतरचे ८ तास फक्त कॅफिनमध्ये. चौथा २४ तास हायड्रॉक्सीयुरियात आणि नंतरचे ८ तास हायड्रॉक्सीयुरिया अधिक कॅफिनमध्ये. पाचवा २४ तास हायड्रॉक्सीयुरियात, मग तीनदा पाणी बदलून धुवायचा आणि साध्या पाण्यात ठेवून ६ व्या ते १६ व्या तासापर्यंत दर दोन तासांनी मुळं कापायची.

तिसरा गट वाचवायचा मोह होतो आणि प्रकल्प तिथेच फसतो. कॅफिन याच मात्रेत आणखी एक उद्योग करतं. विभाजन संपताना दोन पेशींमध्ये जी भिंत उभी राहते, ती ते बनूच देत नाही. त्यामुळे एकाच पेशीत दोन केंद्रकं दिसतात. इजेशी याचा काही संबंध नाही. नुसत्या कॅफिनचा गट नसेल तर चौथ्या गटातल्या द्विकेंद्रकी पेशी तुम्ही चेकपॉइंट तुटल्याच्या पुराव्यात मोजून बसाल. पुरावा तो नाही. तुम्हाला शोधायचंय ते चौथ्या गटात असलेलं आणि तिसऱ्यात नसलेलं.

आणि ते दिसतं कसं? ४०० पटीवर आधी विभाजनातल्या पेशी शोधा, मग तेलाच्या भिंगावर या. नीट पश्चावस्थेत गुणसूत्रांचे दोन गठ्ठे दोन्ही टोकांना सरकलेले असतात आणि मधली जागा स्वच्छ असते. चेकपॉइंट उठवलेल्या पेशीत मधे लालसर जांभळा बारीक धागा ताणलेला दिसतो, एका गठ्ठ्यातून निघून दुसऱ्यात शिरणारा, कधी मधोमध इतका बारीक झालेला की फोकस किंचित हलवल्याशिवाय सापडत नाही. तो पूल. बाजूला एखादा तुकडा कुठल्याच गठ्ठ्यात न गेलेला असतो. काही पेशींत गुणसूत्रं अखंड नसतात, भुगा केल्यासारखे ठिपके दिसतात. प्रत अर्धवट असतानाच आकुंचन सुरू झालं की असं होतं. सुटलेल्या तुकड्याभोवती नंतर वेगळं आवरण बनतं, आणि शेजारच्या विभाजनात नसलेल्या पेशीत मोठ्या केंद्रकाजवळ टिकलीएवढं सूक्ष्मकेंद्रक दिसतं. दुसऱ्या गटात विभाजन खूप कमी, आणि चौथ्यात ते परत आलंय पण असं मोडकंतोडकं. हा तुमचा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा पाचव्या गटातला. धुतल्यावर पहिले काही तास विभाजन दिसत नाही, कारण पेशी राहिलेली प्रत पूर्ण करून जी-२ मधून जात असतात. मग एकदम लाट येते, आणि त्या वेळी निर्देशांक साध्या पाण्यातल्या मुळांपेक्षाही वर जाऊ शकतो, कारण बऱ्याच पेशी एकाच जागी अडलेल्या होत्या आणि त्या एकत्र सुटतात. विषाने मेलेल्या पेशींतून लाट येत नाही. लाट कधी येईल ते तापमानावर आहे. कांद्याचं पेशीचक्र २० ते २५ अंशांत साधारण १२ ते १८ तासांचं, आणि उष्णता वाढली की वेळ बदलते. म्हणूनच दर दोन तासांनी नमुना घ्यायचा. एकच वेळ धरली तर लाट हुकते आणि तुम्ही "पुनरुज्जीवन नाही" असा चुकीचा निष्कर्ष लिहिता.

कोकणातल्या प्रयोगशाळेत हे काम कुठे बिघडतं, तेही सविस्तर सांगते. पहिलं म्हणजे कांदा. बाजारातल्या कांद्यावर कधी काढणीआधी मोड येऊ नयेत म्हणून मॅलेइक हायड्राझाइड फवारलेलं असतं, तर काही कांदा गॅमा किरणांत घालून आणलेला असतो. दोन्हींचा हेतू विभाजन बंद करणं हाच. असल्या कांद्याला मुळं एक तर फुटत नाहीत, फुटली तरी तुमचा पाण्याचा गट आधीच बिघडलेला असतो. अलिबागचा पांढरा कांदा शेतकऱ्याकडून वेणीसकट घेतलात तर काय फवारलंय ते विचारता येतं. भाताच्या मागून लावलेला हा कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. काम पावसाच्या आत उरका. जुलैत बुडख्याला काळी बुरशी आणि मऊ सड लागते, आणि बुरशी लागलेल्या मुळाचा निर्देशांक औषधाशिवायच पडतो. गट पाडण्याआधी सगळे कांदे दोन दिवस साध्या पाण्यावर ठेवा आणि ज्यांना दीड-दोन सेंटिमीटर मुळं सारखी आली तेवढेच घ्या. वाळलेली मुळं सुरीच्या टोकाने खरवडताना बुडख्याच्या कडेचं वर्तुळ दुखवू नका, नवी मुळं तिथूनच येतात.

पाणी सगळ्या गटांना एकच हवं. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन जातं. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते घेऊ नका. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी तर अजिबात नको, कांद्याच्या मुळाला तांबं फार लवकर बाधतं.

हायड्रॉक्सीयुरिया हवेतला ओलावा शोषतो आणि खराब होतो. आपल्या दमट हवेत बाटली एकदा उघडून कपाटात ठेवली की पुढच्या वेळी वजन केलेल्या ग्रॅममध्ये पाणी किती ते सांगता येत नाही. सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, द्रावण त्याच दिवशी करा. हे सिकलसेलच्या आणि काही रक्तकर्करोगांच्या रुग्णांना दिलं जाणारं खरं औषध आहे, आणि पेशीविभाजनावर परिणाम करणारं आहे. हातमोजे घालाच, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करून खात्याकडे द्या.

स्थिरीकरणासाठी तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, कापायच्या आधी ताजं मिसळलेलं. जुन्या मिश्रणात दोन्हींची अभिक्रिया होऊन एस्टर बनतं, गोडसर वास आला की ते टाकून द्या. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ ते १० मिनिटं मऊ करा. वीज गेली तर तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये ६० अंशांचं पाणी भरून त्यात परीक्षानळी धरली की भागतं. वेळ मात्र घड्याळावर. पाच मिनिटांत पेशी सुट्या होत नाहीत आणि पंधरा मिनिटं झाली तर रंग धरत नाहीत. २ टक्के ॲसिटो-ऑर्सीन, मग ४५ टक्के ॲसिटिक आम्लाच्या थेंबात टोकाचा दोन मिलिमीटर भाग. आच्छादन काचेवर टीपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. बाजूला सरकलं तर निरोगी पेशीतही गुणसूत्रं ओढली जातात आणि खोटे पूल तयार होतात. भिंगावर पावसाळ्यात बुरशीचं जाळं चढतं, त्याने बारीक धागे आणि ठिपके दोन्ही फसवे दिसतात. मोजणीआधी भिंग उजेडात धरून बघा.

मोजणीत सगळ्यात मोठी चूक आकड्यांची असते. पाच कांद्यांतून प्रत्येकी हजार पेशी मोजल्या तर तुमचे नमुने पाच आहेत, पाच हजार नाहीत. एका कांद्यातल्या पेशी एकमेकींसारख्याच वागतात. प्रत्येक कांद्याची टक्केवारी काढा आणि ती गटागटांत ताडून पाहा. काचांवर गटाचं नाव लिहू नका, मैत्रिणीकडून नुसते क्रमांक घालून घ्या, कारण पूल शोधत असलेल्या डोळ्याला पूल दिसतातच. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था वेगवेगळ्या मोजा. एकट्या मध्यावस्थेचा आकडा फुगला असेल तर तो वेगळा नाका आहे, तर्कूचा. पावसात डोंगरउतारावर फुलणाऱ्या कळलावीतलं कोल्चिसीन तेच करतं. तिथे निर्देशांक घसरत नाही, वाढतो, आणि डीएनए धड असतो.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. कॅफिन एटीएम-एटीआर सोडून इतरही प्रथिनांवर काम करतं. ५ मिलिमोलर म्हणजे चहा-कॉफीने रक्तात येतं त्याच्या शंभर पटीहून जास्त. तेव्हा "थांबणं कॅफिनने उठवता येतं आणि औषध धुतल्यावर आपोआप सुटतं, हे एटीआरच्या चेकपॉइंटशी जुळतं" एवढं लिहा. "एटीआरमुळेच" असं म्हणायला एकट्या एटीआरला रोखणारं औषध लागेल, आणि ते पदवीच्या प्रकल्पाच्या खर्चात बसत नाही.

राहिला अतिनील दिवा. मुळाग्रासाठी तो नको. २५४ नॅनोमीटरचे किरण पेशींच्या वरच्या थोड्या थरांतच शोषले जातात, आणि मुळाच्या टोकाला वर मूळटोपी असते. विभाजनाच्या पेशी तिच्या आत. शिवाय वनस्पतींत फोटोलायेज हे एन्झाइम असतं. ते साध्या उजेडाच्या ताकदीवर अतिनीलची इजा दुरुस्त करतं, म्हणजे मुळं खिडकीशी ठेवली की प्रयोग पुसला जातो. गॅमा किरण खोल जातात. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून आपल्याकडे २० ते २०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रेची परवानगी आहे, आणि लासलगावच्या केंद्रात २००२ पासून ही सोय आहे. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस तर किमान ४०० ग्रे घेऊन जातो. गर शाबूत राहतो कारण त्याच्या पेशी विभाजन थांबवून बसलेल्याच असतात. कोयीतल्या भुंग्याची वाढ आणि प्रजा मात्र थांबते, कारण तिथे विभाजन चालू असतं. माणसाच्या पेशीत १ ग्रे क्ष-किरणांनीही ३०-४० ठिकाणी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, त्यावरून ४०० चा अंदाज करा.

दुसरं काही सोपं हवं असेल तर बेकरीचं यीस्ट घ्या. १ टक्का यीस्ट अर्क, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज यांच्या माध्यमात रात्रभर वाढवा, सकाळी ताज्या माध्यमात पन्नास पट पातळ करा आणि तीन तास वाढू द्या. मग १० मिलिलिटरचे दोन भाग करून एकात ०.१५ ग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया घाला. ३० अंश लागतात, ते रत्नागिरीत बाकावर ठेवूनही मिळतात. तीन तासांनी ४०० पटीवर रंग न घालता बघा. साध्या भागात बिनकळीच्या, छोट्या कळीच्या, मोठ्या कळीच्या अशा सगळ्या पेशी दिसतील. औषधाच्या भागात बहुतेक सगळ्या डंबेलसारख्या असतील, आईएवढीच मोठी कळी लागलेल्या आणि तिथेच थांबलेल्या. दोन्हींतल्या दोनदोनशे पेशी मोजा.